कटकारस्थान आणि देवाणघेवाण : मराठी राजकीय लेखनात लाचेचे स्थान

मराठी बोलीत भ्रष्टाचाराची शब्दसंपत्ती मोठी आहे आणि तिच्यातील बहुतेक शब्द स्वयंपाकघरातून व गोठ्यातून आलेले आहेत. सरकारी माणूस पैसे ‘खातो’. त्याचे ‘चहापाणी’ करावे लागते. फायद्याच्या खात्यात ‘मलई’ असते, तर महापालिका हे ‘कुरण’ असते आणि तेथे ‘चरणे’ चालते. फायलीवर ‘वजन’ ठेवावे लागते, ‘हात ओले’ करावे लागतात. कौटिल्याने पाण्यातील मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही तसे अधिकारी द्रव्य केव्हा खातो हे कळत नाही असे म्हटले, तेव्हापासून हे रूपक फारसे बदललेले नाही. ‘टक्केवारी’ या शब्दाने मात्र या परंपरेत एक वेगळी, कोरडी, हिशेबी भर घातली. खाण्याच्या रूपकात भूक आणि हावरटपणा, म्हणजे काही प्रमाणात माणूस, शिल्लक असतो. टक्केवारीत केवळ वाटप उरते. ठेकेदार, अभियंता, नगरसेवक, स्थायी समिती अशी ठरलेली उतरंड त्या एका शब्दात गृहीत आहे.

बोलीभाषेने ज्या व्यवहाराचे इतके बारीक निरीक्षण केले, त्याला मराठी राजकीय कादंबरीने केंद्रस्थान दिलेले नाही. कादंबरीत भ्रष्टाचार नाही असे नव्हे. तो सर्वत्र आहे. पण तो वातावरणासारखा आहे, घटनेसारखा नाही. कोणी, कोणाला, कोणत्या कामासाठी, किती दिले, आणि देताना त्या दोघांच्या मनात काय होते, हा प्रसंग बहुधा मागे राहतो. पुढे असते ते कारस्थान. हा फरक केवळ विषयाच्या निवडीचा नाही. सार्वजनिक जीवनाविषयीचा वाचकाचा अविश्वास कोणत्या जातीचा होतो, हे त्यावर अवलंबून आहे.

या संदर्भात अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांचा विचार अपरिहार्य ठरतो. प्रांतिक सत्तेचे केंद्र प्रथमच इतक्या जवळून मराठी कादंबरीत आले ते साधूंमुळे. मुख्यमंत्री, मंत्रिमंडळातील असंतुष्ट, कामगार पुढारी, उद्योगपती, वार्ताहर यांचे जाळे त्यांनी असे विणले की मुंबई हे शहर स्वतःच एक राजकीय यंत्र म्हणून वाचकासमोर उभे राहिले. त्यांच्या लेखनाला ‘पत्रकारी’ म्हणून बाजूला सारण्याचा जो प्रघात मराठी समीक्षेत पडला, तो आळसाचा होता. रूपवादी निकषांवर वाढलेल्या समीक्षेला मंत्रालयाचे दालन हे कादंबरीचे अवकाश असू शकते, हेच मान्य नव्हते. ‘पत्रकारी’ या शब्दाने साधूंची भाषा सपाट आहे एवढेच सुचवले गेले. ती सपाट का आहे, आणि त्या सपाटपणाचे कादंबरीत कार्य काय, हा प्रश्न विचारला गेला नाही.

तो विचारला तर हाती येणारी गोष्ट अशी : ‘सिंहासन’मधील खरी देवाणघेवाण पैशाची नसून माहितीची आहे. कोणाकडे किती आमदार, कोण कोणाला भेटले, कोणाचा दूरध्वनी कोणाला गेला, हे ज्याला ठाऊक तो बलवान. दिगू टिपणीस हा वार्ताहर या विश्वातील सर्वांत महत्त्वाचे पात्र ठरतो तो याच कारणाने. त्याच्याकडे सत्ता नाही, पण सर्व सत्ताधाऱ्यांच्या बैठकांत त्याला प्रवेश आहे. वाचकाला निवेदन जेथे बसवते ती जागाही जवळजवळ त्याचीच आहे. वाचक मतदार म्हणून वा अर्जदार म्हणून या विश्वात येत नाही. त्याला आतली बातमी कळलेला माणूस म्हणून आत घेतले जाते. कादंबरीची पकड आणि तिची मर्यादा, दोन्ही येथेच आहेत. आतले कळल्याचे जे समाधान मिळते, त्याने अविश्वास तीव्र होतो खरा, परंतु त्याच वेळी तो सुखदही होतो. ‘हे सगळे असेच चालते’ हे वाक्य तक्रार म्हणून सुरू होते आणि जाणतेपणाची खूण म्हणून संपते.

या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारलेल्या, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन असलेल्या ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटाला ही अडचण जाणवली असावी. मंत्रिमंडळाचा खेळ आटोपल्यावर दिगू रस्त्यावर येतो आणि एका भिकाऱ्याच्या सोबतीने वेड्यासारखा हसत सुटतो. हे दृश्य नेहमी भ्रमनिरासाचे प्रतीक म्हणून वाचले गेले. त्याकडे निवेदनाच्या अंगाने पाहिले तर ते अधिक अस्वस्थ करणारे वाटते. ज्याला सर्व माहीत होते त्याला सांगण्यासारखे काहीच उरलेले नाही. माहितीचे साक्षीत रूपांतर झालेले नाही. आणि ज्याच्या शेजारी तो हसतो, त्या भिकाऱ्याला या साऱ्या कथानकात इतर कोठे जागाच नव्हती.

कल्पितापेक्षा वास्तव किती वेगळ्या घडणीचे असते याचा प्रत्यय लवकरच आला. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी उजेडात आणलेले प्रकरण आणि १२ जानेवारी १९८२ चा मुंबई उच्च न्यायालयातील न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल यांतून मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. हे प्रकरण उभे राहिले ते सिमेंटच्या वाटपावर आणि प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्यांवर. न्यायालयासमोरचा प्रश्न अगदी कारकुनी होता : सिमेंटचा कोटा आणि देणगी यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही. निकालाने तो संबंध जोडला. त्याच संबंधांवर पुढे फौजदारी खटल्यांची लांबलचक मालिका चालली आणि ती वेगळ्याच वळणांनी गेली. पण साहित्याच्या दृष्टीने बोध घ्यायचा तो या पहिल्या टप्प्याचा. सत्ता उलथली ती मध्यरात्रीच्या दूरध्वनीने नव्हे, तर दोन रकान्यांच्या ताळमेळाने. रकान्यांचे नाट्य मराठी कादंबरीला दिसले नव्हते. कटाचे दिसले होते.

ते कोणालाच दिसले नव्हते असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात हा रकाना अतिशय ठसठशीतपणे भरलेला आहे. जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ धर्मचिकित्सा आणि शेतकीचा अर्थविचार म्हणून वाचला जातो. त्यातील दुसरे प्रकरण मात्र लाचेचे शरीरशास्त्र म्हणून वाचले पाहिजे. गोरा अधिकारी आरामात गुंग, त्याच्या हाताखालचे कामगार मोकळे, आणि शेतकरी कचेरीच्या दारात : ही त्याची मांडणी. गावातला तंटा अर्ज होतो, अर्जाला साक्षी लागतात, साक्षींचे कागद होतात, आणि कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक पायरीवर काही तरी गळते. फुले हे सारे क्रमाने सांगतात. त्यांच्या लांबच लांब, एकातून दुसरे फुटत जाणाऱ्या वाक्यांची घडण शैलीदोष म्हणून पुष्कळदा नोंदवली गेली आहे. पण त्या वाक्यांची लांबी म्हणजे कचेरीतल्या फेऱ्यांची लांबी आहे. क्रियापदापर्यंत पोहोचण्यासाठी वाचकाला जितके खोळंबावे लागते तितकेच शेतकऱ्याला निकालासाठी. हा योगायोग असेल. परंतु त्या गद्याचा परिणाम त्यामुळेच होतो यात शंका नाही.

फुल्यांना हे यंत्र बाहेरूनच ठाऊक होते असेही नाही. ते बांधकामाची कंत्राटे घेत आणि १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ‘गुलामगिरी’मध्ये (१८७३) इंजिनियर खात्यातील कामगारांच्या डावपेचांवर त्यांनी रचलेला पवाडा आहे, हे या दृष्टीने सूचक म्हणावे लागेल. वीरांच्या पराक्रमासाठी राखलेला रचनाप्रकार त्यांनी खात्यातल्या हातचलाखीसाठी वापरला. येथे उपहास आहेच. त्याशिवाय एक वाङ्मयीन निर्णयही आहे : हा व्यवहार सांगण्याच्या योग्यतेचा आहे, त्याला रूप हवे, आणि ते रूप लोकांच्या कानाला परिचित हवे.

‘असूड’नंतर पाचच वर्षांनी, १८८८ मध्ये, क्रॉफर्ड प्रकरण उद्भवले. ऑर्थर क्रॉफर्ड हे १८६५ ते १८७१ या काळात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. तेथे त्यांनी कामांचा धडाका लावला आणि तिजोरीही रिकामी केली. पुढे मध्य विभागाचे कमिशनर असताना मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या यांसाठी पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर आला. मध्यस्थ हणमंतराव याला शिक्षा झाली. चौकशी आयोगाने क्रॉफर्ड यांना लाचेच्या आरोपातून मोकळे केले, हाताखालच्या प्रदेशातील लोकांकडून कर्जे काढल्याचा ठपका ठेवला, आणि त्यांची नोकरी गेली. वादाचे केंद्र मात्र वेगळीकडेच सरकले. पैसे दिल्याची साक्ष ज्या मामलेदारांनी सरकारच्या अभयवचनावर दिली, त्यांचे काय करायचे? लाच देऊन पद मिळवणाऱ्याने पदावर राहावे काय? टिळकांनी ‘केसरी’तून मामलेदारांची बाजू घेतली आणि सरकारने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा आग्रह धरला. १८८९ मध्ये मामलेदारांच्या संरक्षणासाठी कायदाही झाला.

या दोन संहिता शेजारी ठेवून वाचल्या तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ‘असूड’मधला मामलेदार घेणारा आहे, ‘केसरी’तला मामलेदार देणारा. एकात तो शोषक, दुसऱ्यात नाडलेला. दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी असू शकतात, किंबहुना असायलाच हवीत : ज्याने बदलीसाठी वर मोजले तो ते खालून वसूल करणारच. साखळीचा मधला दुवा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. तरीही फुले ज्या टोकापासून लिहितात तेथून साखळीची वरची कडी दूर, धूसर आणि काहीशी निष्पाप दिसते. गोरा अधिकारी त्यांना बेफिकीर वाटतो, विकला गेलेला वाटत नाही. क्रॉफर्ड प्रकरणाने ती समजूत मोडली. उलट ‘केसरी’च्या भूमिकेत मामलेदाराच्या खालचा माणूस जवळजवळ नाहीसा होतो. मामलेदाराने दिलेला पैसा मूळचा कोणाचा, हा प्रश्न सरकारच्या वचनभंगाच्या चर्चेत झाकला जातो. टिळकांची भूमिका कायद्याच्या दृष्टीने अचूक होती. राष्ट्रीय राजकारणाच्या दृष्टीने ती प्रभावीही ठरली. परंतु मराठीतील राजकीय लेखनाला तिने जे वळण लावले त्यात भ्रष्टाचार हा सरकार आणि सुशिक्षित यांच्यातील नीतीचा प्रश्न झाला. शेतकरी आणि कचेरी यांच्यातील व्यवहार राहिला नाही. एका शतकानंतरच्या राजकीय कादंबरीचा दृष्टिकोन ठरवण्यात या वळणाचा वाटा किती, हे नेमके मोजता येणार नाही. दिशा तीच आहे, एवढे म्हणता येते.

(इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी : मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्यातील रे मार्केट या दोन्ही वास्तूंना आता महात्मा फुले यांचे नाव आहे. पहिल्या बाजाराला नाव होते ते आरोपीचे; दुसऱ्याला होते ते ज्याच्या कारकिर्दीत चौकशी झाली त्या गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. आणि नगरपालिकेचा पैसा मंडईवर घालण्यास फुल्यांचा स्वतःचा विरोध होता.)

‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या तेंडुलकरांच्या नाटकाकडे या सूत्रातून पाहिले तर त्याविषयीच्या वादाने किती गोष्टी झाकून टाकल्या ते दिसते. नाना फडणवीसांची बदनामी झाली की नाही, यावर रणे माजली. नाटकातील शासनव्यवस्थेची चर्चा तुलनेने मागे पडली. कोतवाली म्हणजे नगराचे प्रशासन. घाशीराम ते पद मुलीच्या मोबदल्यात मिळवतो, म्हणजे नेमणूक हाच पहिला सौदा आहे. क्रॉफर्डच्या काळातल्या मामलेदाराशी त्याचे नाते येथे जुळते. पद हाती आल्यावर तो पुण्यात प्रत्येक गोष्टीला परवाना लावतो. परवाना हेच या नाटकातील खरे शस्त्र आहे. अत्याचार त्यानंतर येतो. नानांना पुरते ठाऊक आहे की घाशीरामाच्या नावावर जे जमा होईल त्याचा लाभ आपला आणि दोष त्याचा. जबाबदारी खाली ढकलण्याची ही युक्ती फुल्यांच्या मांडणीतील बेफिकीर साहेबापेक्षा पुढची आहे. मानवी पडदाही तसाच : तोच लपवतो, तोच उघड करतो आणि अखेरीस घाशीरामाच्या अंगावर तोच धावून जातो. लोकांचा अविश्वास येथे हिंसक होतो, पण तो चुकीच्या पायरीवर थांबतो. नाना सुखरूप राहतात.

व्यवहाराचे सर्वांत निर्दय चित्र मात्र मराठीत नसून हिंदीत आहे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’त (१९६८) लंगड नावाचे एक गौण पात्र तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल मिळवण्यासाठी खेटे घालते. भांडणाचे मूळ दरात आहे : नक्कलनवीस पाच रुपये मागतो, लंगडच्या मते दर दोनचा. त्यावरून वाद होतो आणि एकाने लाच न देण्याची, दुसऱ्याने लाच न घेता नियमानेच काम करण्याची प्रतिज्ञा केली जाते. पुढे नियमच अर्जदाराला चिरडतात. अखेर नक्कल तयार होते. तशी सूचना फलकावर लागते. तेव्हाच लंगड तापाने आजारी असतो. मुदत उलटते आणि कागद फाडला जातो.

या उपकथेतील उपरोध नेमका कोठे आहे? शिवपालगंजातील प्रत्येक जण शासनावर अविश्वास ठेवतो आणि त्या अविश्वासाच्या आधारे आपापला मार्ग काढतो. विश्वास ठेवणारा एकटा लंगड आहे, म्हणून तो हास्यास्पद. म्हणजे सार्वत्रिक अविश्वास हा येथे व्यवस्थेला धोका नसून तिचे वंगण आहे. जो नियमावर भिस्त ठेवतो तोच यंत्रात खडा होतो. शुक्ल लंगडला संत करीत नाहीत, हे विशेष : दोन रुपये द्यायला तो मुळात तयारच होता. त्याचा सत्याग्रह दरावरून सुरू झालेला आहे. हीच गोष्ट त्याला नीतिकथेतून काढून कादंबरीत आणते. ज्या नकलेसाठी तो झिजला तिच्यावरचा हक्क महाराष्ट्रात २००२ च्या आणि देशभर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मान्य झाला. अर्ज हा मराठी माणसाने अलीकडे सर्वाधिक हाताळलेला लेखनप्रकार असावा. त्याची वाङ्मयीन दखल घेण्याइतकी सवड समीक्षेला अद्याप झालेली नाही.

रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ (१९९४) या मार्गावर काही अंतर जाते. स्वातंत्र्यलढ्यापासून सहकारी कारखानदारीपर्यंतच्या मोठ्या पटावर ती सत्तेचे स्थानिक रूप उलगडते. संस्था कशी उभी राहते आणि उभी राहता राहता कोणाची होते, हे दाखवताना ती कटापेक्षा प्रक्रियेवर भर देते. तिचा प्रचंड विस्तार हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. पण प्रक्रिया सांगायची तर विस्तार टळत नाही, हे फुल्यांच्या वाक्यांनीही शिकवले होते. महापालिकेच्या वाट्याला अशी कादंबरी येणे बाकी आहे. शहरातील मराठी लेखकाला एकाकीपणा दिसला, झोपडपट्टी दिसली, टोळीयुद्ध दिसले. निविदा उघडण्याचा दिवस कथानकाचा कणा झालेला क्वचितच आढळतो. १९९४ मध्ये मुंबई महापालिकेचे उपायुक्त गो. रा. खैरनार यांनी सत्ताधाऱ्यांवर जाहीर आरोप केले आणि ते निलंबित झाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या ‘ट्रकभर पुराव्या’ची वाट पाहिली. अपेक्षा पुराव्याची होती हे महत्त्वाचे. ती न पुरल्यावर मागे उरले ते केवळ विनोद.

२०२२ च्या सत्तांतरानंतर विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेल्या ‘पन्नास खोके, एकदम ओके’ या घोषणेत याच प्रवृत्तीचे पुढचे रूप दिसते. बोलीने पैशाला ‘खोका’ केले, घोषणेने खोक्याला यमक दिले. आरोप झालेल्यांनी तो नाकारला. पण यमकाला पुराव्याची गरज नसते आणि नकाराने ते बिघडतही नाही. ते म्हणणाऱ्याला जाणतेपणाचा तोच आनंद मिळतो जो दिगूच्या खांद्यावरून पाहणाऱ्या वाचकाला मिळाला होता.

याच्या नेमके उलट टोक ‘सामना’त (१९७४) आहे. तेंडुलकरांच्या या पटकथेतील मास्तर साखरसम्राट हिंदुरावाला एकच प्रश्न विचारत राहतो : मारुती कांबळे या माणसाचे काय झाले? प्रश्नात रूपक नाही, उपरोध नाही, जाणतेपणाचा आव नाही. एका माणसाचे नाव आहे. त्याला उत्तर देणे भाग पडते कारण तो व्यवस्थेविषयी काहीच विधान करीत नाही. पण मास्तरही लंगडप्रमाणे निर्मळ नाही. तो व्यसनी आहे, परागंदा आहे, आणि हिंदुरावाच्या वाड्यावर त्याचा पाहुणचार झालेला आहे. कोंबडी आणि दारू पोटात गेल्यावर, त्याच घरात बसून तो विचारतो.